पडद्यावरची नदी

आई नऊ वर्षांची असताना तिचं गाव झाम्बेझी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणून झाम्बेझीच्या नागदेवावरचा भव्य चित्रपट लुसाकात लागला, तेव्हा सकाळच्या खेळाला मी तिला हौसेने घेऊन गेले. त्याआधी चार महिने, मी शिकवते त्या शाळेत सगळ्यांना त्याचंच कौतुक सांगत होते.

पडद्यावर निळं पाणी लखलखत होतं. तळाशी सोन्याचे महाल, नागाच्या खवल्याखवल्यावर रत्नं. तरी तासाभरात मी घड्याळाकडे बघू लागले. शेजारी आईची चुळबुळ चालली होती.

"मुतिंता, माणसं कधी येणार गं?"

"येतील आई, जरा दम धर."

"मघापासून तेच सांगतेस."

शेवटी लढाई झाली, महाल कोसळले आणि दिवे लागले. बाहेर आल्यावर मी उगाच म्हणाले, "दिसायला छान होता, नाही?"

"दिसायला होता की. पण एवढ्या पाण्यावर एक बाई घागर भरायला आली नाही. कुणाची नदी म्हणायची ती?"

घरच्या बसपाशी आलो, तरी आई चढेना.

"सियावोंगाला, धरणाकडे जाणारी बस कुठून सुटते?" तिनं विचारलं.

मी पलीकडच्या रांगेत जाऊन दोन तिकिटं काढली.