किंचित मिफ्ड

मी 'मिफ्ड'. इंग्रजीतला एक लहानखुरा शब्द. तुमची-माझी ओळख नसेल, म्हणून आधीच सांगतो. माणूस फुरंगटतो, नाकाचा शेंडा जरा वर जातो, पण हातातला चहा खाली ठेवण्याइतकं काही बिघडलेलं नसतं, तेव्हा मला बोलावतात.

माझा जन्म कसा झाला ते कुणालाच नीट ठाऊक नाही. जाणते म्हणतात, कुणीतरी वैतागून नाकातून 'म्फ्' असा आवाज काढला आणि त्यातून मी निघालो. म्हणजे शिंकेशी माझं जवळचं नातं. घराणं म्हणून सांगावं असं काही नाही.

पण भाऊबंद पुष्कळ. 'क्रॉस' पोरांच्या वाट्याचा. "आता मी क्रॉस होईन हं," एवढं म्हटलं की पोरं चिखलाचे बूट काढतात. 'अ‍ॅनॉइड' रोजच्या कामाचा. बस चुकली, शेजाऱ्याचं कुत्रं फुलझाडांत शिरलं, की तो हजर. 'पीव्ड' थोडा शिष्ट. 'व्हेक्स्ड' म्हातारा झालाय, त्याला फारसं कुणी बाहेर काढत नाही. आणि 'फ्युरियस' हा आमचा लांबचा, धिप्पाड नातेवाईक. तो आला की कपबश्या फुटतात, म्हणून आमच्या भागातले सभ्य लोक त्याला दारातूनच परत पाठवतात आणि त्याचं काम आम्हां लहानांच्या अंगावर ढकलतात. माझं सगळं दुखणं तेच.

माझा मुक्काम इंग्लंडातल्या सॉमरसेटमधल्या नेदर बॉर्टन गावात, ईनिड टकवेलबाईंच्या तोंडी. बाई उंच, ताठ, आणि आलुबुखाऱ्याचा जॅम करण्यात पटाईत. त्यांचा नवरा ऑब्री पोस्टातून निवृत्त झालेला, मांजरालासुद्धा वाट सोडून चालणारा माणूस.

एका सप्टेंबरात गावच्या फळा-फुलांच्या प्रदर्शनात जॅमचा परीक्षक ऐनवेळी आलाच नाही. पाद्रीबाबांनी ऑब्रीला पुढे केलं. बरण्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. ऑब्रीने एकेक चमचा चाखला, बराच वेळ छताकडे पाहिलं, आणि पहिला नंबर शेजारच्या मॉरिन स्पिलरला दिला. ईनिडचा दुसरा.

ईनिडने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मॉरिनला जवळ घेऊन म्हणाली, "छानच झालाय हं तुझा जॅम. अगदी... लाल."

घरी येताना गाडीत ऑब्रीने विचारलं, "रागावलीस का गं?"

"छे. रागवायचंय काय त्यात? किंचित मिफ्ड आहे, इतकंच."

मी बाहेर पडता पडता मागे वळून पाहिलं. आत फ्युरियस उभा होता, टाळूला डोकं टेकलेलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू हो पुढे. मला इथे बंदी आहे."

ऑब्रीला हायसं वाटलं. मिफ्ड म्हणजे जेवणापर्यंत उतरेल, असा त्याचा हिशेब. पण दुसऱ्या दिवशी ईनिडने कपाटातल्या जॅमच्या सगळ्या बरण्या गावात वाटून टाकल्या. पोस्टमनलाही एक दिली. आणि ऑब्रीच्या टोस्टशेजारी मॉरिनकडून मागून आणलेली बरणी ठेवली.

"घे ना," ती गोड आवाजात म्हणाली. "परीक्षकांनी नावाजलेला आहे."

त्याने घेतला. रोज घेत राहिला. ईनिडने आपली उशी मागच्या खोलीत नेली. तो अधूनमधून दारातून विचारी, "अजून मिफ्ड?" आतून उत्तर येई, "किंचित." प्रत्येक वेळी मलाच जावं लागे. माझा जीव केवढा, आणि माझ्या डोक्यावर कपाटाएवढा राग. मी पार वाकून गेलो.

ख्रिसमसला त्यांची मुलगी रोझलिंड नवऱ्याला घेऊन ब्रिस्बेनहून आली. दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी ईनिडने जाहीर केलं, "मी येते तुमच्याबरोबर. राहायला. परतीचं बघू पुढे."

ऑब्रीचा घास तोंडातच राहिला. रोझलिंडने खिडकीबाहेर पाहिलं. या घरात अशा वेळी सगळे खिडकीबाहेरच पाहतात. पण जावई केल ऑस्ट्रेलियात वाढलेला, त्याला ही रीत ठाऊक नव्हती.

"ईनिड, तुमचा राग नेमका कशाचा?" त्याने केक चावत विचारलं.

"राग कसला रे? मी किंचित मिफ्ड आहे."

"आमच्याकडे मिफ्ड झालेला माणूस फार तर दार जरा आपटतो. घर सोडून समुद्रापार जात नाही. त्या शब्दात हे मावत नाहीये."

काय सांगू, माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत माझी बाजू घेणारा हा पहिलाच.

ईनिडने किटली खाली ठेवली. "बक्षीस गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी माझा जॅम खातोय. आणि त्याला तो ओळखता आला नाही."

"ओळखला होता," ऑब्री हळूच म्हणाला. "झाकण काढल्या काढल्या. वासावरून."

"मग?"

"म्हणून तर दुसरा नंबर दिला. पहिला दिला असता तर गाव म्हणालं असतं, घरच्या घरी बक्षीस. मॉरिनचा नुसता साखरेचा पाक आहे, ईनिड. माझी दाढ दुखायला लागलीय."

मला वाटलं, आता मिटलं. कसलं काय.

"म्हणजे माझा चांगला आहे हे कळूनही तू तिला दिलास?" ईनिड उठली. मी तोंडाशी आलो होतो, पण फ्युरियसने मला अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि स्वतः बाहेर पडला. "मी संतापलेय, ऑब्री. ऐकतोयस? संतापलेय." आणि तिने किटलीला ऊब राहावी म्हणून घातलेली लोकरी टोपी उचलून नवऱ्याच्या दिशेने भिरकावली. ती जाऊन बसली केलच्या डोक्यावर. केल तसाच केक खात राहिला.

आधी रोझलिंडला हसू फुटलं, मग ईनिडला. हसता हसता तिने डोळे पुसले.

"हे आधीच बोलली असतीस तर," ऑब्री म्हणाला, "मी एवढा जॅम खाल्ला नसता."

फ्युरियस आला तसा गेला. चहा अजून गरम होता. ऑब्री मात्र तसाच उठला, कोट चढवला आणि घरोघर फिरून ईनिडची बरणी परत मागू लागला. सगळ्यांनी संपवली होती. शेवटी पोस्टमनकडे तळाशी चार चमचे उरलेली एक सापडली. ती त्याने दोन्ही हातांनी धरून आणली. ब्रिस्बेनचं पुन्हा कुणी काढलं नाही. उशी जागेवर आली.

हल्ली माझी तब्येत बरी आहे. तुम्हांला एवढंच सांगणं, की मला वापरा, जरूर वापरा, पण माझ्या अंगाला झेपेल तेवढ्यालाच. मोठा राग असेल तर मोठ्याला बोलवा. तो दिसतो भयंकर, पण फार वेळ थांबत नाही. मला पुढे करून त्याला आत कोंडलंत, तर तो महिनोन् महिने जात नाही.

बरं, थांबता येत नाही आता. ऑब्रीने ओला टॉवेल पलंगावर टाकलाय आणि ईनिडच्या नाकाचा शेंडा वर चाललाय. हे काम माझंच आहे. येतो.