खडखडाटाआडून

“आपटण्याच्या आवाजात गायचं गं हेमा, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही.” विहिरीपाशी धुण्याच्या दगडावर आईनं हे सांगितलं, तेव्हा हेमलता लहान होती. आईचा हात धप्पकन खाली यायचा, आणि त्या धप्पच्या आडून ओवी निघायची.

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात दगड नव्हता. पण लेकीच्या, उत्तराच्या, जन्माच्या वर्षी घेतलेलं वॉशिंग मशीन होतं. ते सुरू झालं की बाल्कनीत अशी खडखड उठे, की हेमलता दार ओढून मनमुराद गाऊन घेई. एरवी माणसांसमोर तिचा गळा मिटायचा. लग्नातला उखाणासुद्धा तिनं पुटपुटतच घेतला होता.

होळी झाली, थंडी सरली, पानिपतची जाड कांबळी धुवायला निघाली. सुट्टीसाठी उत्तरा मानेसरहून आली, ती फोनवर नव्या मशीनचे फोटो घेऊनच.

“आई, हे बघ. आवाज बिल्कुल नाही. शेजारी बाळ झोपवावं इतकं शांत.”

हेमलतानं फोन लेकीच्या हाती परत दिला. शांत मशीनपाशी ती गाणार कशी? पण हे तिला सांगायचं कसं? “जुन्याला काय झालंय? कांबळी कशी लख्ख निघतात.”

“अगं, ते नाचतं. मागच्या वेळी दारापर्यंत आलं होतं, मला घ्यायला.”

“राहू दे की,” हेमलताचा नवरा श्रीरंग पेपराआडून म्हणाला. “दणकट आहे.”

दोघी बघतच राहिल्या. घरातली कुठलीही वस्तू जरा कुरकुरली की बदलून टाकणारा माणूस हा.

“बाबा, यार, तुम्हीपण?” म्हणत उत्तरा जिलेबी आणायला खाली गेली.

हेमलतानं कांबळी मशीनमध्ये कोंबली, बटण फिरवलं, दार ओढलं. खडखड सुरू झाली, तसा गळा मोकळा झाला.

“पानिपतचं कांबळं, पाणी पिऊन जड झालं,
थंडी गेली माहेराला...”

मशीननं एक आचका दिला आणि ते थांबलं. “ऊन माझ्या दारी आलं” एवढं मात्र तिच्या तोंडून निघून गेलं होतं. उघड्या, लख्ख आवाजात ते बाल्कनीभर पसरलं.

तिनं तोंडावर हात ठेवला. दार उघडलं. उंबऱ्यात श्रीरंग, हातातला पेपर उलटा.

“अहो, गेलं वाटतं हे,” ती घाईनं म्हणाली. “नवं घ्यावं लागणार.”

“घेऊ की.” तो तिथंच घुटमळला. “हेमा, मागच्या दुरुस्तीला मेकॅनिक म्हणाला होता, दोन स्क्रू आवळले की आवाज जाईल. मीच त्याला म्हटलं, रहने दो.”

“का हो?”

“आवाज गेला असता, तर तू गायची थांबली असतीस. इतकी वर्षं दाराच्या अलीकडे बसून ऐकतोय मी.”

हेमलताचे कान तापले. मग तिला हसू आलं, ते आवरेचना. श्रीरंगनं पेपर खाली ठेवला.

“नव्याला आवाज नसेल म्हणे,” तो म्हणाला. “पण तू आता दार ओढू नकोस. मला तुझं गाणं आवडतं.”