वहिनीच्या गाण्याची चाल

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं दादाचं झालं. जिवंत होता तोवर या गावाने त्याला हॉटेलच्या कोपऱ्यातलं फर्निचर समजून वागवलं. लोक त्याच्याकडे पाठ करून जेवायचे आणि "पियानो जरा हळू" म्हणून वेटरबरोबर निरोप धाडायचे. तो गेल्यावर मात्र नगरपालिकेला एकदम उमाळा आला. सभागृहाला त्याचं नाव, दारात फोटो, उद्‌घाटनाला त्याच्याच गाण्यांचा कार्यक्रम. अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही सख्खे धाकटे भाऊ. जन्मभर त्यांच्या शेजारी उभं राहून तो माणसाएवढा डबल बेस वाजवलात. कार्यक्रम तुम्हीच बसवा." मी हो म्हटलं ते वहिनीसाठी. फोटोशी मला काही देणंघेणं नव्हतं.

दादा जॅझ वाजवायचा आणि गाणी लिहायचा. शब्दांची गाणी गाणाऱ्यांच्या तोंडी राहिली. त्यातलं एक सध्या साबणाच्या जाहिरातीत फेस काढतंय. पण एक गाणं बिनशब्दांचं होतं, ते तो रोज सगळ्यात शेवटी वाजवायचा. आधी म्हणायचा, "हे बायकोसाठी. तिच्यासमोर मला शब्द सुचत नाहीत." लोक हसायचे. आणि जिच्यासाठी ते होतं, तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

वहिनी प्रसूतिगृहात नर्स होती. सकाळभर घर तिच्या गळ्यात, म्हणून तिने कायमची संध्याकाळची ड्युटी मागून घेतलेली. दादाचं वाजवणंही संध्याकाळचंच, आणि तिची सुट्टी नेमकी हॉटेल बंद असायच्या वारी. घरी पियानो नव्हता, होता तो हॉटेलचा. ती म्हणायची, निदान गुणगुणून तरी दाखवा. तर हा म्हणणार, "असं उष्टंखरकटं कशाला ऐकतेस? ये एकदा नीट." मग ती म्हणायची, रिटायर झाले की पहिल्या टेबलावर येऊन बसते. ती रिटायर व्हायच्या आत हॉटेल पाडलं. तिथे मोटारींचं शोरूम आलं, पियानो कोणीतरी ट्रकमधून नेला. पुढे दादाच गेला.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, जो येतो तो म्हणतो, तुमचं गाणं काय सुंदर होतं! साऱ्या गावाला माझं गाणं माहीत. मलाच तेवढं नाही. मला एकदा ऐकवा ना."

"हात्तिच्या! त्यात काय," मी म्हणालो. "खोकंभर कॅसेटी पडल्यात माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. वहिनीने भाजी चिरायची सुरी बाजूला ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नीट बसली. कॅसेट वाजली. दादाचा डावा हात, माझा बेस, ड्रमवर घासणारे ड्रमरचे ब्रश. संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "चांगलं आहे. आता गाणं लावा."

"दुसरीवर असेल," म्हणून मी वेळ मारून नेली. कॅसेटवर चाल नव्हतीच. तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दादाचा एक नियम होता. तालमीत चाल वाजवायची नाही. चाल घोटली की शिळी होते, असं त्याचं म्हणणं. तालमीत आम्ही चालीखालचं सगळं पक्कं करायचो आणि त्याचा उजवा हात मांडीवर निवांत पडलेला असायचा. चाल निघायची थेट लोकांसमोर, रोज ताजी, रोज थोडी वेगळी. रेकॉर्ड मात्र आम्ही तालमीच करायचो, आपल्या चुका कळाव्यात म्हणून. कार्यक्रम कोण रेकॉर्ड करतो? तो तर रोजचाच होता! इतकी शहाणी माणसं आम्ही. खोक्यातली एकूण एक कॅसेट मी वाजवून पाहिली. सगळ्यांवर गाण्याचा पाया तेवढा होता, वर घर नाहीच.

ड्रमर आता सायकलींचं दुकान चालवतो. त्याला जाऊन विचारलं, "वहिनीच्या गाण्याची चाल कशी होती रे?"

"मला काय विचारतोस? मी चाल ऐकत बसलो असतो तर ताल कोणी सांभाळला असता? तुझ्या बापाने?" चाकातली तार पिळत तो म्हणाला. थोड्या वेळाने स्वतःच वरमला. "खरंच आठवत नाही रे. छान होती एवढं आठवतं."

मग मी गावभर हिंडलो. न्हाव्याने एक चाल गुणगुणून दाखवली, चष्मेवाल्याने दुसरी, हॉटेलच्या जुन्या हेडवेटरने तिसरी. तिघेही शपथेवर सांगत होते, हीच. एकही कॅसेटवर बसेना. न्हाव्याची तर साबणाच्या जाहिरातीतलीच निघाली.

आणि मी? मी त्याच्या अगदी शेजारी असायचो, पण माझी नजर त्याच्या डाव्या हातावर. सुरुवातीचा एक तुकडा तेवढा माझ्यात कुठेतरी शिल्लक होता. जिना चढून वर गेल्यावर आपण कशाला आलो हेच विसरून माणूस उभा राहतो ना, तसा तो चढायचा आणि थांबायचा. दाढी करताना आठवायचा, बेस हातात घेतला की पसार. पण होता. तेवढ्याने धीर होता.

कार्यक्रम जवळ आला तेव्हा अध्यक्षांनी संगीत महाविद्यालयातल्या सरांना गाठून दिलं. माणूस सज्जन. त्यांनी कॅसेट ऐकून तिच्यावर एक चाल बांधली. कबूल करायला जीव जळतो, पण सुरेख बांधली होती. मी स्वतःला समजावलं, वहिनीच्या कानावर काहीतरी तर पडेल. उपाशी माणसाला पोळी कोणी लाटली याच्याशी काय करायचंय? सर पियानोवर बसले, आम्ही तालीम केली, या वेळी चालीसकट, पुन्हा पुन्हा, झोपेतसुद्धा चुकणार नाही इतकी. 'नवी रचना' म्हणूनच जाहीर करा, असं मी अध्यक्षांना बजावलं होतं. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आपलं हरवलेलं गाणं आज सापडलं आहे!"

मी मूग गिळून बेस उचलला.

वहिनी पहिल्या रांगेत होती, ताठ बसलेली, पर्स मांडीवर. गाणं संपलं तेव्हा सभागृह उभं राहिलं. न्हावी डोळे पुसत होता. माझ्याकडे येऊन म्हणाला, "हीच हो, हीच! मी म्हटलं नव्हतं?"

वहिनी आणि मी चालतच घरी निघालो. शोरूम मागे पडल्यावर ती म्हणाली, "हे ह्यांचं नव्हे."

मी चपापलो. "कशावरून?"

"मला गाण्यातलं काही कळत नाही भाऊजी. पण ह्यातली प्रत्येक ओळ कशी शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसते. ह्यांनी उभ्या जन्मात माझ्याशी एक वाक्य पुरं बोलून दाखवलं नाही. अर्ध्यावर यायचे आणि बघत बसायचे माझ्याकडे."

मी तिला सगळं सांगितलं. कॅसेटी, नियम, माझ्यात उरलेला तुकडा, सर, सगळं. माझ्यावर भडकली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती ऐकत चालत राहिली. दारापाशी आल्यावर थांबली.

"तुम्हाला सुरुवातीचं थोडं येतं म्हणालात. तेवढंच म्हणा. सूर वाकडा लागला तरी चालेल. इथं कोण ऐकतंय?"

तो तुकडा मला येत होता. अगदी गेल्या महिन्यात, आरशासमोर, गालाला फेस असताना आठवला होता. मी डोळे मिटले, दादाचा डावा हात आठवला, माझी बोटं आठवली आणि तोंड उघडलं.

सरांची चाल बाहेर आली.

थांबलो. खाकरलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच, गुळगुळीत, शेवटाला जाऊन नीट बसणारी. तिच्याखाली, तिच्यामागे चाचपून पाहिलं. दुसरं काही नव्हतं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती, पुढचं येईल म्हणून. मग तिने पर्समधून किल्ली काढली.

"राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "जेवून जा."