जोडीतला डावा

झिंगूच्या पायाला महिनाभर भिंगरी लागली होती. श्रावणच्या दारावरून दिवसातून चार खेपा, आणि दर खेपेला बहाणा नवा. कधी तंबाखू, कधी सुटलेली शेळी. ओठांशी आलेला प्रश्न मात्र विचारायची छाती होत नव्हती.

प्रश्न साधाच होता. मुलचेऱ्याजवळच्या त्या गावात बारा वर्षं दोघांत मिळून एकच जोडी: डाव्या अंगाला झिंगूचा ढवळ्या, उजव्या अंगाला श्रावणचा कारू. एक दिवस याचं वावर, एक दिवस त्याचं. पोळ्यानंतर लम्पीने कारू गेला. डॉक्टर आले, पंचनामा झाला, फोटो निघाले, आणि आठ महिन्यांनी का होईना, सरकारी मदत श्रावणच्या खात्यात पडली. मेलेल्या बैलाला मदत असते. मागे राहिलेल्या अर्ध्या जोडीला कुठल्याच अर्जात रकाना नसतो. आता श्रावण त्या पैशांत बैल घेणार की आणखी काही? नाही घेतला, तर झिंगूची धानाची बांधी पडीक राहणार. एका बैलाने रोवणीचा चिखल होत नाही.

"जाऊन इचारा ना एकडाव," बायको बायनाबाई म्हणाली.

"काऊन इचारू? बैल त्याचा मेला, पैसा त्याचा. मी कोन त्याच्यावर डोळा ठेवनारा?"

आणि श्रावणने तर मिठाची गुळणी धरलेली. त्यात अहेरीच्या बाजारात झिंगूने त्याला ट्रॅक्टरवाल्या मिथुनसोबत चहा पिताना पाहिलं. झालं! मन चिंती ते वैरी न चिंती. याने ट्रॅक्टर ठरवला, आता ढवळ्या राहिला आपल्या उरावर. दोन दिवस झिंगूला भात गोड लागला नाही.

मिरग आठ दिवसांवर आला, तेव्हा वरोऱ्याकडचा एक शेतकरी डावा बैल शोधत आला. लम्पीने त्याचीही जोडी मोडली होती. डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला तर जू झुगारतो, त्यामुळे असं गिऱ्हाईक पुन्हा मिळायचं नाही. झिंगूने व्यवहार करून टाकला. सकाळीच ढवळ्या गाडीत चढला. चढताना एकदा मागे वळला. झिंगूने तिकडे पाहिलंच नाही, नोटा कंबरेला खोचल्या.

त्याच दुपारी रस्त्यावर ट्रॅक्टर घरघरला.

"पाह्य, म्हनलो होतो ना!" झिंगू तणतणत बाहेर आला.

ट्रॅक्टर मिथुनचाच होता. पण मागच्या ट्रॉलीत श्रावण एका तांबड्या बैलाची दोरी धरून उभा होता.

"झिंगूभाऊ, मिथुनसंग चार बाजार फिरलो! सांगतलो नाई तुमाले. नाई भेटला तर आशा काऊन लावाची? पन उंची पाहा, ढवळ्याच्या बरोबरीचा. आन पक्का उजवा!"

लम्पीने आपल्यालाच न्यायला हवं होतं, असं झिंगूला वाटलं.

श्रावणने बैल कौतुकाने थेट झिंगूच्या गोठ्यात नेला. आत शिरताच बैल आपणहून उजवीकडे सरकला आणि डावीकडची जागा सोडून उभा राहिला.

"ढवळ्या चराले गेला का, भाऊ?" श्रावणने विचारलं.

बायनाबाई पदर तोंडाला लावून घरात गेली. उत्तर झिंगूलाच द्यायचं होतं.