घरच्या माणसाची रजा

"यांचं आणि तुमचं नातं काय?" नव्या कायद्याप्रमाणे कामगारांची नोंद करायला आलेल्या मुलीने विचारलं.

माझा मुलगा पुठ्ठ्यांच्या थप्पीला टेकून उभा होता. "नातं म्हणजे... घरचीच आहे ती."

"घरची म्हणजे? आत्या, मावशी, बहीण?"

"अक्का आहे," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने उत्तर तिथेच संपलं होतं.

कटिंग मशीनवरचे काका खुसखुसले. "मॅडम, अक्का ही अक्काच असते. तिला पुढेमागे काही नसतं."

मुलीने बोटं लॅपटॉपवर तशीच ठेवली आणि अक्काकडे पाहिलं. अक्का दारात उभी होती, हातात खळ ढवळायचा दांडा. मॅडमना चहा हवा का, एवढंच विचारायला ती आली होती. ती आली नसती तर मोजणी नऊवर थांबली असती.

आमचा खोक्यांचा कारखाना म्हणजे खाली एक लांबट खोली, मागे पत्र्याची शेड आणि वर आमचं घर. बुटांची, औषधांची, चष्म्यांची खोकी इथून जातात. आता पुष्कळशी मशीनवर चिकटतात, पण चांगल्या प्रतीच्या खोक्याला अजून हाताने खळ लावावी लागते. ती खळ अक्का शिजवते. मैदा, पाणी, आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शटर उघडायचं, शेगडी पेटवायची आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. लोक कामावर येतात तेव्हा मोठं पातेलं तयार असतं. हे कोण करतं, असा प्रश्न आमच्याकडे कोणाला पडत नव्हता. पाणी नळाला येतं तशी खळ पातेल्यात येत होती.

नवा कायदा आला आणि प्रश्न पडायला लागले. ज्याच्याकडे दहा माणसं कामाला, त्याने प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं, कामाचे तास ठरवायचे, भरपगारी रजा द्यायची, विमा उतरवायचा, म्हातारपणासाठी निधी भरायचा. नऊ असतील तर यातलं बरंचसं सुटत होतं. सूनबाई हिशेब बघते. तिने आधीच सांगितलं होतं, "दहा झाले की सगळंच आलं. तक्रार समितीसुद्धा नेमावी लागेल."

"तक्रार कोणाची करायची?" काका म्हणाले होते. "उंदरांची?"

मुलीने समजावून सांगितलं. रक्ताच्या नात्यातली किंवा एका घरात राहणारी माणसं मोजत नाहीत. मात्र तसं लिहून द्यावं लागतं, मालकाने आणि त्या माणसाने, दोघांनी. "आणि एक सांगते हं," ती म्हणाली, "खोटं लिहून घ्यायला मी आलेली नाही. विचार करून ठेवा. पुढच्या आठवड्यात येते." पोरगी माझ्या नातीएवढी, पण बोलणं कसं नीट घडी घातल्यासारखं. मला आवडली.

ती गेल्यावर मुलगा वर आला आणि ताटावर बसून म्हणाला, "आई, दहावं माणूस आत्ता मला झेपणार नाही. नवं मशीन घेतलंय. अक्काला तू सांग. तुझं ऐकेल."

"काय सांगू?"

"हेच, की ती घरची आहे. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काही नव्हतं, म्हणूनच मी विचारात पडले. हा मुलगा माझ्या पोटात असताना डॉक्टरांनी मला अंथरुणाला खिळवलं होतं. तेव्हा हे पलीकडच्या गल्लीतून तिला घेऊन आले. दोन वेण्या, गुडघे खरचटलेले, आणि डोळ्यांत सगळ्या घराविषयी कुतूहल. "महिनाभर तुझ्या हाताखाली राहील," हे म्हणाले. तो महिना काही संपला नाही. एका हाताने पाळणा हलवत ती दुसऱ्या हाताने खोक्यांवर लेबलं चिकटवायची. पुढे खळ शिजवणारा म्हातारा गावी गेला तो परतलाच नाही, आणि एका सकाळी पाहिलं तर दांडा हिच्या हातात. कोणी नेमलं नाही, कोणी सांगितलं नाही. पगार असाही ठरला नाही. "लागेल ते माग," हे म्हणायचे, आणि तिला फारसं काही लागायचंच नाही. लग्नाचं तिच्या भावाने एक-दोनदा पाहिलं, मग त्यालाही मुली झाल्या आणि त्या सांभाळायला ही हवीच होती. रात्री ती तिथे आत्या, दिवसा इथे अक्का.

खालीही वारं फिरलं होतं. अक्का मोजली गेली तर आपण सगळेच मोजले जाणार, हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. उघड कोणी बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी काकांनी तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं.

"अक्का, बसा ना. किती वेळ उभ्या राहाल?"

"का रे बाबा? निवडणुकीला उभी राहिलेय का मी?"

त्या दुपारी ती नेहमीसारखी वर जेवायला आली. मी भाकरी वाढली आणि विषय कसा काढावा म्हणून उगाच मीठ शोधत बसले.

"वहिनी, मीठ तुमच्या समोर आहे," ती म्हणाली. "बाळाने सांगितलं ना तुम्हाला माझ्याशी बोलायला?"

"सांगायला नाही, विचारायला बसलेय. तू घरची नाहीस का?"

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. खरंच आठवून बघत असावी. "आहे ना. तुमच्याकडे घरची, दादाकडेही घरची. म्हणून तर दोन्हीकडे कधी कोणी विचारलं नाही, उद्या येणार का म्हणून."

"विचारायचं काय त्यात? तू येतेसच की."

"तेच म्हणतेय मी."

मला हे जरा लागलं. "आमचा राग आलाय का तुला?"

"छे हो, राग कसला? बाळाला मी घास भरवलेत." ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "फक्त एकदा बघावंसं वाटतंय."

"काय?"

"मोजल्यावर कसं वाटतं ते."

इतकी वर्षं एका ताटात जेवलेली बाई, पण तिला काय बघावंसं वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर हे निघालं. मुलाला मी एवढंच सांगितलं, "मी बोलले. काय करायचं ते ती करेल."

कायद्याची मुलगी ठरल्या दिवशी आली. शेडमधल्या टेबलावर जागा करून दिली, सूनबाईने पेन ठेवलं. सगळे आपापल्या कामावर होते, पण हात कसे चालत होते ते मी जिन्यातून बघत होते. काकांनी एकच पुठ्ठा तीनदा मापला.

मुलीने मजकूर मोठ्याने वाचला. आम्ही एका कुटुंबातले असून एकाच घरात राहतो, असा. अक्काने हात फडक्याला पुसले, नखांतली खळ काढली.

"मी पलीकडच्या गल्लीत राहते," ती म्हणाली. "इथे कामाला येते."

"अक्का, अगं..." मुलगा पुढे झाला.

"बाळ, तू माझाच आहेस. ते कुठे लिहायला नको. हे मात्र लिहायला हवं."

तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पाठमोरा. लहानपणी रुसला की असाच उभा राहायचा, आणि तेव्हा अक्काच जाऊन त्याला आत आणायची. आज ती जागची हलली नाही. मी जाऊ का, असं मनात आलं, पण माझेही पाय उचलले नाहीत. बऱ्याच वेळाने तो आपला आपण आत आला आणि मुलीला म्हणाला, "दहा लिहा."

कोणीतरी श्वास सोडला. कोणी ते कळलं नाही, सगळ्यांनीच असेल.

"पद काय लिहू यांचं?" मुलीने विचारलं.

"खळनायिका लिहा," काका म्हणाले, आणि हसू दाबताना माझ्या मुलाचाही ओठ हलला.

मुलगी टाइप करत असताना अक्काने हळूच विचारलं, "मॅडम, रजा घेतली तर कारण सांगावं लागतं का?"

"नाही. आदल्या दिवशी कळवलं की झालं."

"कोणालाच नाही सांगावं लागत?"

"कोणालाच नाही."

अक्काने मान हलवली, जशी ती खळ जमली की हलवायची. निघता निघता मुलगी माझ्यापाशी थांबली. "आणि आजी, तुम्हीही इथे काम करत होता ना?"

"सुरुवातीपासून. खोक्यांचे पुठ्ठे दुमडायला याच जिन्यावर बसायचे मी. मालकाची बायको होते ना, आता मालकाची आई."

"म्हणजे घरच्या."

"हो, घरची."

माझ्याबाबतीत तिला काही लिहावं लागलं नाही. तिने लॅपटॉप मिटला.

मग दिवस बदलले, आणि ते बदलताना बघायला मला मजा वाटत होती, वाईटही वाटत होतं. अक्का आता बाकीच्यांबरोबर कामावर येऊ लागली. शटर मुलगा स्वतः उघडायला लागला, डोळे चोळत, कुरकुरत. काही दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. मग एकदा त्याला ताप आला, तिने खालूनच ओरडून औषध घेतलंस का विचारलं, आणि ते प्रकरण मिटलं. पण ती जेवायला वर येईना. डबा आणून खाली सगळ्यांत बसायची. मी जिन्यातून हाक मारली तर म्हणाली, "आज काकांनी लोणचं आणलंय वहिनी, इथेच बसते." खालून हसण्याचा आवाज यायचा. कशावर हसतात ते वर नीट कळायचं नाही.

आणि एका बुधवारी ती आली नाही. आजारी नव्हती, भावाकडे कार्य नव्हतं. सूनबाई म्हणाली, "काल सांगून गेल्यात. रजा आहे त्यांची." खळ सूनबाईनेच चढवली. मी वर खिडकीशी बसले आणि मनाशी अंदाज बांधत राहिले. झोपली असेल. दात दुखत असेल. भाच्यांनी कुठे नेलं असेल.

ऊन चढल्यावर ती मला दिसली. समोरच्या पदपथावरून चालत होती, ठेवणीतले कपडे, खांद्याला छोटी पिशवी. बरोबर कोणी नव्हतं. कारखान्याकडे तिने पाहिलंही नाही. चपलांच्या दुकानापाशी थांबून काचेतून बराच वेळ आत बघितलं, घेतलं काही नाही, आणि पुन्हा चालू लागली. घाई कसलीच नव्हती. तिला घाईशिवाय चालताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तिची चाल अशी आहे हे मला माहीतच नव्हतं.

हाक मारायला मी गज धरले, आणि मग सोडून दिले.

चौकात ती थांबली. डावीकडे तिच्या भावाचं घर, उजवीकडे बाजार. तिने दोन्हीकडे पाहिलं आणि सरळ गेली. दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी होते. त्या चौकाच्या पुढे काय आहे, ते मी आठवून पाहिलं. आठवेना. त्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते.