उजवा कोपरा

पुरुषोत्तमरावांनी काचेच्या पेटीवर भिंग टेकवलं आणि वाकून पाहिलं. आत एका फ्रेंच चित्रकाराचं दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडं होतं. वादळ, बुडतं जहाज आणि लाटांच्या हजारो बारीक रेघा.

उद्यापासून आयर्लंडमधल्या किलकेनीच्या लायब्ररीत प्रदर्शन होतं. या पुस्तकाशेजारी पुरुषोत्तमरावांची सहा चित्रं लागणार होती, पुण्याच्या दिवाळी अंकांत गाजलेली. लेकीनं, मुक्तानं, लायब्ररीतल्या नुआलाच्या मागे लागून हे जमवलं होतं. स्वारी आठ दिवस हवेत होती.

“या बिचाऱ्याला पेंटर म्हणून नाव हवं होतं,” ते म्हणाले. “लोकांनी डोक्यावर घेतलं ते पुस्तकांतल्या चित्रांसाठी. माझंही तेच झालं बघ.”

“बसलात लगेच त्याच्या पंगतीला!” मुक्ता हसली.

“पण खाली सह्या दोन कशा?” त्यांनी विचारलं.

“डावीकडे त्याची. तो लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र काढून द्यायचा, मग छपाईसाठी कारागीर रेघन्‌रेघ कोरायचा. उजवीकडे त्या कारागिराची. पद्धतच होती तशी.”

भिंग बराच वेळ उजव्या कोपऱ्यावरून हललं नाही.

मग त्यांनी टेबलावरचं आपलं वडाचं चित्र पुढे ओढलं. ते फ्रेममध्ये घालायचं राहिलं होतं. डावीकडे त्यांची ऐटदार सही. उजवीकडे, पारंब्यांखाली, पांढऱ्या रंगाचा नखाएवढा डाग. त्यांनी रुमालाचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं.

“अहो बाबा, काय करताय? ओरिजिनल आहे ते! चुकीवर व्हाइट लावतातच ना?”

“चूक नव्हती ती.” त्यांनी रुमाल टेकवला. “आउटलाइन माझी. आतलं हे सगळं रेघांचं जाळं तुझ्या आईचं. सहाही चित्रांत. मी आउटलाइन मारून झोपायचो. एकदा, एकदाच तिनं नाव घातलं, तर मी ते झाकून टाकलं. लोक काय म्हणतील म्हणून.”

मुक्ता खुर्चीत बसली.

“आईची बोटं सारखी काळी असायची,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ती तुमचे ब्रश धुते.”

नुआला जाता जाता थबकली. “ऑल ग्रँड?” सगळं ठीक ना, असं तिनं विचारलं.

“ग्रँड,” मुक्ता म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही.

पुरुषोत्तमराव रुमालानं डाग हळूहळू पुसू लागले. मुक्तानं कागद धरला. शाई पक्की होती, रंग तेवढा निघाला. खाली मुंगीएवढं एकच अक्षर होतं. ‘प्र.’

“एवढंच?” ते म्हणाले. “मला इतकी वर्षं वाटत होतं, तिनं अख्खं प्रमोदिनी लिहिलं होतं.”

मुक्तानं चित्रांखाली लावायची नावांची सहाही कार्डं गोळा केली आणि पुन्हा छापून घ्यायला नुआलाच्या टेबलाकडे गेली.