थोरल्यांची परदेशसेवा

सासूबाई गेल्या आणि त्यांच्या शोकसभेत थोरल्या दिरांनी जे तोंड उघडलं, ते धाकटी सून काही केल्या विसरली नाही. विसरणार तरी कशी?

"अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची सेवा मी या हातांनी केली," थोरले म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात उंच करून सभेला दाखवले. हात कसले, लोण्याचे गोळे. आयुष्यात स्वतःचं ताट उचलून ठेवलं असेल तर शपथ! पण माणूस बोलायला पट्टीचा. समोरची मंडळी डोळे पुसायला लागली. "मुलगा असावा तर असा," कुणीतरी शेजारच्याला म्हणालं. मागच्या रांगेतून धाकटी ताडकन उठणार, तेवढ्यात नवऱ्याने तिचं मनगट धरलं.

"जाऊ दे गं," तो पुटपुटला. या माणसाचं अर्धं आयुष्य 'जाऊ दे' म्हणण्यात गेलं होतं आणि उरलेलं थोरल्या भावाला घाबरण्यात.

खरं काय ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सासूबाई अर्धांगवायूने आडव्या पडल्या त्या धाकटीच्या घरी. भरवणं, पुसणं, चादरी बदलणं, कूस पालटणं, सगळं धाकटीने केलं. चांगली चाललेली नोकरी सोडून केलं, आणि वर्षानुवर्षं केलं. थोरले अधूनमधून एखाद्या रविवारी यायचे. खोलीच्या उंबऱ्यावरूनच "काय आई, बरी आहेस ना?" असं ओरडायचे, बाहेर बसून चहा प्यायचे आणि निघताना धाकटीला बजावायचे, "खिडकी उघडी ठेवत जा, वास येतो."

धाकटीला काम केल्याचं वाईट वाटत नव्हतं. सासू फटकळ होती, पण सुनेच्या हातून जेवताना तिचा चेहरा उजळायचा आणि धाकटीला तेवढं पुरायचं. आता मात्र तिला एक गोष्ट हवी होती. ज्या तोंडाने चार माणसांत खोटं सांगितलं, त्याच तोंडाने चार माणसांत खरं सांगायचं. तोवर तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

सासूबाईंनंतर तिने पुन्हा नोकरी धरली. संस्था दोन खोल्यांची, काम परदेशात स्वयंसेवक पाठवण्याचं. कुणी शाळेत शिकवायला, कुणी झाडं लावायला, कुणी आजाऱ्यांच्या मदतीला. कुणाला कुठे धाडायचं याची जुळणी धाकटी करायची आणि संचालिकाबाई शेवटी मान डोलवायच्या. आणि एके दिवशी तिच्या टेबलासमोर येऊन कोण बसावं? साक्षात थोरले! नोकरीतून निवृत्त झालेले, घरात कुणी ऐकेना, शेजारीपाजारी कुणी विचारेना. त्यांना आता परदेशात जाऊन तरुणांना मार्गदर्शन करायचं होतं.

"म्हटलं, तुझ्याच संस्थेत जावं, घरचं माणूस आहे," ते म्हणाले. "जरा बरीशी जागा बघ. समुद्र असला तर उत्तम."

"बघते की, भाऊजी," धाकटी म्हणाली. इतकं गोड ती स्वतःच्या लग्नातही बोलली नव्हती.

मार्गदर्शनाची जागा रिकामी होती. धाकटीने ती भलत्यालाच देऊन टाकली. थोरल्यांसाठी तिने निवडला दूर देशीचा एक वृद्धाश्रम, त्यातही अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचा विभाग. संचालिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"झेपेल का यांना? फार जड काम आहे ते."

"न झेपायला काय झालं? स्वतःच्या आईचं सगळं त्यांनीच तर केलंय. भर सभेत सांगितलंय. विचारा हवं तर."

बाईंनी थोरल्यांना बोलावून विचारलं. थोरल्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग धाकटीकडे. नाही म्हणावं तर सभेतलं पितळ उघडं पडतं, हो म्हणावं तर बेडपॅन धुवावं लागतं. घाम पुसत ते म्हणाले, "हो, म्हणजे... केलंय की." आणि झालं, गेले बिचारे विमानात बसून.

पहिला फोन आला तेव्हा धाकटी पाय पसरून चहा पीत होती. नवऱ्यालाही ऐकू दे म्हणून तिने स्पीकर लावला.

"अगं, इथे मला काय काय करायला लावतात!" थोरले रडकुंडीला आले होते. "एक म्हातारा आहे, जहाजावर स्वयंपाकी होता म्हणे. अंगाने हा एवढा! मला शिव्या देतो. भाषा कळत नाही, पण शिव्या आहेत एवढं कळतं. आणि त्याचं ढुंगण मी पुसायचं?"

"तुम्हाला सवय आहे ना, भाऊजी," धाकटी म्हणाली.

नवरा उठून बाल्कनीत गेला. धाकटीने आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला आणि चवीचवीने प्याली.

पुढे दर फोनला हेच. कंबर धरली म्हणाले की सवय आहे ना, जेवण जात नाही म्हणाले की सवय आहे ना. एकदा थोरल्यांना खुर्चीतच डुलकी लागली आणि स्वयंपाकीबुवांची कूस पालटायची राहून गेली. असं दोनदा-तीनदा झालं आणि म्हाताऱ्याच्या पाठीला जखम पडली. मुख्य परिचारिका थोरल्यांच्या मुलीच्या वयाची, पण तिने सगळ्यांदेखत त्यांची बिनपाण्याने हजामत केली.

"सारखं वळवावं लागतं गं त्यांना, नाहीतर कातडी सडते," थोरले फोनवर सांगत होते. "पाळ्या लावल्यात, चार-चार माणसं आहोत, तरी होतेच ती जखम." त्या दिवशी धाकटी कपडे वाळत घालताना चक्क गुणगुणत होती.

मग मात्र फोनचा सूर बदलला. रडगाणं थांबलं. "आमचे आजोबा आज दोन घास जास्त जेवले," असं थोरले सांगू लागले. स्वयंपाकीबुवा त्यांना शिव्या शिकवत होते आणि हे म्हणे मन लावून शिकत होते. धाकटीचा नुसता तिळपापड! आपण खड्डा खणावा आणि यांनी त्यात उतरून गार हवा खावी, याला काय अर्थ आहे?

परत आले ते वेगळेच दिसत होते. पोट उतरलेलं, आवाज खाली आलेला. धाकटीकडे चहा प्यायले आणि कप स्वतः विसळून ठेवला. नवरा तर गहिवरलाच.

"दादा बदललाय गं. आता तरी सोड."

"बदलले असतील तर तोंडाने बोलू देत. माझं भांडण चहाच्या कपाशी नव्हतं."

थोरले त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत.

संस्थेची एक रीत होती. परदेशातून परतलेल्याने पुढच्या तुकडीसमोर उभं राहून सांगायचं, की बाबांनो, या सेवेचे फायदे काय. थोरल्यांची पाळी आली तेव्हा हॉल भरला होता. नवरा मुद्दाम भावाचं भाषण ऐकायला आला होता, धाकटी त्याच्या शेजारी बसली होती.

"पहिला फायदा झोपेचा," थोरल्यांनी सुरुवात केली. "मी गोळी घेऊन झोपणारा माणूस, तिथे बूट काढता काढता घोरायला लागायचो. दुसरा फायदा असा, की आपली भाषा तिथे कुणाला कळत नाही, त्यामुळे तोंड बंद ठेवायची सवय लागते. ही सवय आधीच लागली असती तर आमचे घरचे केव्हाच सुखी झाले असते!" सभा खळखळून हसली. मग थोरले गंभीर झाले. "परक्या माणसाचा देह रोज हातात घेतला की कळतं, उद्या आपणही असेच कुणाच्या तरी हातात असणार."

धाकटी पुढे सरकून ऐकू लागली. माणूस खरं बोलत होता. आता बोला भाऊजी, ती मनातल्या मनात म्हणाली, एवढं आलंय ओठांवर तर बोलून टाका.

"अर्थात मला हे नवीन नव्हतं," थोरले म्हणाले. "आईची इतकी वर्षं सेवा केली होती, तीच शिदोरी कामाला आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. टाळ्या थांबून संचालिकाबाई "कुणाला काही प्रश्न?" म्हणाल्या, तोवर ती उभीसुद्धा राहिली होती. नवऱ्याने मनगटाकडे हात नेला, तिने तो झटकून टाकला.

"भाऊजी, आईंच्या पाठीला पडलेल्या जखमेचं तुम्ही काय करायचात, ते सांगा ना. मुलांना उपयोग होईल."

थोरले जराही अडखळले नाहीत. या विषयात ते आता मुरलेले होते. "माकडहाडापाशी होती. चांगली मोठी होती. मी रोज धुवायचो, मलम लावायचो. शेवटपर्यंत भरली नाही बिचारीची."

"आईंना जखम झालीच नाही," धाकटी म्हणाली. "कधीच नाही. एवढीशीसुद्धा नाही."

"असं कसं होईल?" थोरले चिडले. "इतकी वर्षं अंथरुणावरच्या माणसाला जखम नाही? तुला काय माहीत..." आणि हे आपण कुणाला म्हणतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. वाक्य तिथेच राहिलं.

तेव्हा नवरा उठला. त्याने पुढची खुर्ची घट्ट धरली.

"नव्हती, दादा. आईची पाठ शेवटपर्यंत नितळ होती. हिने ठेवली. तू त्या खोलीत कधी आलाच नाहीस."

थोरले धाकटीकडे बघत राहिले. एका स्वयंपाक्याची पाठ त्यांना मदतीला माणसं असून सांभाळता आली नव्हती. ही बाई एकटी होती. त्याचा अर्थ काय होतो, तो त्या हॉलमध्ये त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळला नसता.

"मी उंबऱ्यावरून परत जायचो," ते माईकमध्ये म्हणाले. "वास यायचा म्हणून. आईचं सगळं हिने केलं. मी खोटं बोललो. त्या सभेत बोललो आणि आत्ताही बोललो."

हे ऐकून आपल्याला थोडं तरी वाईट वाटेल, असा धाकटीचा अंदाज होता. छे! तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि तरी पोट भरलं नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "ताई, पण एकटीने कसं वळवायचात? दाखवाल आम्हाला?"

"दाखवते की." धाकटी तरातरा पुढे गेली आणि टेबलावरचा माईक, पाण्याचे पेले तिने बाजूला केले. "भाऊजी, आडवे व्हा."

"मी?"

"मग काय मी?"

थोरले कडक इस्त्रीच्या सदऱ्यात निमूटपणे टेबलावर आडवे झाले. मागची मंडळी बघायला उभी राहिली. धाकटीने एक हात त्यांच्या खांद्याखाली सरकवला, दुसरा कमरेखाली, गुडघा टेबलाला टेकवला आणि त्या धिप्पाड माणसाला एका हिसक्यात कुशीवर आदळलं. टेबल करकरलं. खिशातलं पेन टणकन खाली पडलं. थोरल्यांचं तोंड भिंतीकडे गेलं आणि गाल लाकडावर दाबला गेला.

मग फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आईला अशीच वळवायचीस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "त्यांना हळू वळवायचे."